युद्ध चालू असताना परराष्ट्र धोरणावर टीका: बासष्टचं अधिवेशन आणि 'देशद्रोही' हा शिक्का

रानवाटा (धागाकर्ता)

लढाई चालू असताना सरकारच्या परराष्ट्र धोरणावर उघड टीका करणारा शत्रूला मदत करतो, हे वाक्य हल्ली इतक्या सहज फेकलं जातं की पुरावा मागणाराही संशयित ठरतो. म्हणून आपल्याकडचंच एक उदाहरण नीट बघू या असं वाटलं. १९६२.

२० ऑक्टोबरला चीनने दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. जनसंघाचे राज्यसभेतले तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी शिष्टमंडळ घेऊन नेहरूंकडे गेले आणि संसद ताबडतोब बोलवा म्हणाले. नेहरूंनी हिवाळी अधिवेशन अलीकडे ओढलं, ८ नोव्हेंबरला संसद भरली. संरक्षण खातं सांभाळलेले कृष्ण मेनन आदल्याच दिवशी मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. विरोधक त्यांच्यामागे होतेच, पण शेवटचा धक्का दिला तो काँग्रेसच्याच खासदारांनी. गुप्त बैठक घ्या अशीही सूचना आली होती, ती नेहरूंनी मानली नाही.

मग आठवडाभर दीडशेहून जास्त खासदार बोलले. पंचशील (चीनशी झालेल्या करारातली शांततेची पाच तत्त्वं), तिबेट, अलिप्ततावाद, सैन्याकडे नसलेली शस्त्रं, कुणी काही सोडलं नाही. नेफात (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये जवान उभे होते, दिल्लीत पंतप्रधान समोर बसून ऐकत होते. १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हाकलून लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. म्हणजे धोरणाची सालटी काढणारे आणि ठरावाला उभे राहणारे तेच लोक होते.

आता सांगा, यातला देशद्रोही कोण?

गोम्या

खुर्ची आणून बसलो आहे. शंभरी गाठणार हा धागा. नेहरूंचं नाव पहिल्याच पोस्टमध्ये काढलंत, थोडा तरी दम धरायचा राव.

अवलिया_७

रानवाटा, उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. वाजपेयी, कृपलानी, नाथ पै ही विरोधी बाकांवरची मंडळी देशाच्या बाजूने बोलत होती. सरकार ढिलं पडलं म्हणून रागावलेली होती. आजचे टीकाकार 'आपणच चुकलो, आपणच थांबू या' म्हणतात. दोन्हींना एकाच तागडीत घालू नका. त्या वेळीही असं म्हणणारे होते, ते आत गेले, आणि योग्यच झालं.

रानवाटा

@अवलिया_७, आत कोण गेलं आणि कधी गेलं ते बघू.

भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबरलाच ठराव करून चीनला आक्रमक म्हटलं आणि देशाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला. पक्षाचे अध्यक्ष होते आपले श्रीपाद अमृत डांगे. पक्षातल्या डाव्या गटाला तो ठराव मान्य नव्हता. सीमेचा प्रश्न बोलणी करून सोडवा, असा त्यांचा सूर होता. त्यांच्यातले काही चीनच्या प्रेमात आंधळे होते हे मी नाकारत नाही, मला त्यांची भूमिका तेव्हाचीही पटत नाही आणि नंतरचीही. पण अटकसत्र सुरू झालं ते २१ नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवसांत. तोफा थांबल्यावर शेकडो लोक उचलले, तेही खटल्याविना. अध्यक्ष सरकारच्या बाजूने भाषणं देतोय आणि त्याचे सहकारी तुरुंगात, असा तो प्रकार.

त्यातून मला जे दिसतं ते असं. शिक्का टीकेच्या वेळेवर बसत नाही, दिशेवर बसतो. 'सरकार पुरेसं लढत नाही' हे कडेलोटाच्या क्षणी ओरडून सांगितलं तरी तो देशभक्त. 'लढाईपेक्षा बोलणी बरी' हे लढाई संपल्यावर हळूच सांगितलं तरी तो फितूर. वेळेचा मुद्दा नुसता सांगायला असतो.

पाणपोई

+१. ब्रिटिशांचं बघा. मे १९४० मध्ये नॉर्वेतली मोहीम फसली, सैन्य अजून तिथे अडकलेलं, आणि कॉमन्समध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, दोन दिवस पंतप्रधान चेंबरलेनची धुलाई. ॲडमिरल कीज तर पूर्ण गणवेश चढवून सभागृहात आला. मतदान २८१ विरुद्ध २००. सरकार जिंकलं, पण स्वतःच्याच पक्षातली माणसं फुटली म्हणून दोन दिवसांत चेंबरलेन गेले. ते गेले त्याच दिवशी हिटलर हॉलंड-बेल्जियमवर तुटून पडला. त्या चाळीस-एक फुटीर खासदारांना इतिहासात कुणी गद्दार म्हणत नाही.

आणि त्याच देशात १९१८ मध्ये बर्ट्रांड रसेलला पहिल्या महायुद्धात युद्धविरोधी लेखाबद्दल सहा महिने ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकलं होतं. दिशा वेगळी ना!

गोम्या

रसेलला आत टाकलं तेव्हा पंतप्रधान लॉइड जॉर्ज. हा तोच गडी, ज्याला ब्रिटनच्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला विरोध केला म्हणून डिसेंबर १९०१ मध्ये बर्मिंगहॅमच्या सभागृहातून पोलिसाच्या वेषात पळून जावं लागलं होतं. बाहेर जमाव विटा घेऊन उभा. सोळा-सतरा वर्षांत खुर्ची बदलली की असं होतं.

तोफखाना

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, कारण लोक माझ्या वतीने रागावतात आणि मला विचारत नाहीत.

रानवाटा, तुम्ही नोव्हेंबरचा आठवडा सांगितलात, त्याच्या आधीची तीन वर्षं सांगितली नाहीत. १९५९ पासून संसदेत रोज सरकारला डिवचलं जात होतं. इंचभर जमीन देऊ नका, पुढे चौक्या टाका, हाकलून लावा. एप्रिल १९६० मध्ये चीनचा पंतप्रधान चाऊ एन-लाय सीमेवर बोलायला दिल्लीला आला तेव्हा देवाणघेवाणीचा 'दे' जरी काढला असता तरी नेहरूंना सभागृहात उभं राहता आलं नसतं. मग पुढे चौक्या टाकण्याचं धोरण आलं. चार-सहा जवान, मागे रस्ता नाही, रसद विमानातून टाकायची, ती दरीत पडायची. १२ ऑक्टोबर १९६२ ला सिलोनला जाता जाता नेहरू विमानतळावर पत्रकारांना सांगून गेले की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. ही गोष्ट बोलायची होती कुणासाठी? वर्तमानपत्रांसाठी आणि विरोधी बाकांसाठी. नेफातल्या नामका चू नदीच्या काठावर सुती कपड्यांत बसलेल्या पलटणीला विचारून कुणी बोललं नाही.

तेव्हा टीका फुकट नसते. ती करणाऱ्यांनी किंमत मोजली नाही, मोजली ती खाली उभ्या असलेल्यांनी. टीका करणाऱ्यांना मी देशद्रोही म्हणणार नाही. बेजबाबदार म्हणेन.

मृगनक्षत्र

तोफखानाकाका, हा प्रतिसाद वेगळा धागा होण्याच्या लायकीचा आहे.

पण मग दोष टीकेचा की टीकेला घाबरून निर्णय घेणाऱ्याचा? नेहरूंकडे प्रचंड बहुमत होतं. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत मेनन विरुद्ध कृपलानी लढत झाली, ती जवळजवळ परराष्ट्र धोरणावरच झाली, आणि मेनन सुमारे दीड लाख मतांनी जिंकले. लोकांनी धोरणाला मुंबईत शिक्कामोर्तब करून दिलं होतं! इतकं पाठबळ असलेल्या माणसाने विरोधी बाकांच्या आरडाओरड्याने चौक्या हलवल्या असतील तर जबाबदारी त्याची.

तोफखाना

मान्य. अर्धी.

अवलिया_७

तोफखाना सरांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. उघड टीकेने नुकसान होतं. म्हणून युद्धकाळात गप्प बसावं.

रानवाटा

नाही हो. त्यांनी सिद्ध केलं की 'आणखी पुढे जा' म्हणणाऱ्या टीकेने नुकसान होऊ शकतं. म्हणजे ज्या टीकेला तुम्ही वर देशभक्तीचं प्रमाणपत्र दिलंत, तिनेच. मग आता ते परत घेणार का?

चौकस_चिमणी

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण 'देशद्रोह' हा शब्द इथे मिठासारखा पडतोय.

योगायोग असा की देशद्रोहाच्या कलमावरचा केदारनाथ सिंह खटल्याचा निकालही १९६२ चाच, जानेवारीतला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सरकारवर कितीही कडवट टीका केली तरी, जोवर ती हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देत नाही तोवर, १२४-अ लागत नाही. ते कलम आता नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ आहे. त्याच्या स्पष्टीकरणातही सरकारी उपायांवर कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली नापसंती बाहेर ठेवली आहे. व्यवहारात काय होतं ते वेगळं.

दुसरं, कमी लोकांना माहीत असलेलं. राज्यघटनेच्या १९(२) मध्ये 'परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' हे भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याचं एक कारण आहे. ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. 'सार्वभौमत्व आणि एकात्मता' ही भर १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीची, म्हणजे चीन युद्धानंतरची. मैत्रीच्या देशाला दुखवू नका ही सोय आधी आली, त्याच मैत्रीच्या काळात तिबेटवर बोलणाऱ्यांना गप्प राहा म्हणत होते. कृपलानींनी पंचशीलाचा जन्मच पापातून झाला असं लोकसभेत म्हटलं होतं ते १९५८ मध्ये. तेव्हा ते शांततेचे शत्रू ठरले, चार वर्षांनी द्रष्टे.

आणि लढाई महिनाभर चालली, आणीबाणी किती चालली माहीत आहे? जानेवारी १९६८ पर्यंत. पाच वर्षांहून जास्त. 'युद्ध संपू दे, मग बोला' म्हणणाऱ्यांनी हे कॅलेंडर समोर ठेवावं. त्याच आणीबाणीतल्या भारत संरक्षण नियमांखाली ऑगस्ट १९६५ मध्ये राममनोहर लोहियांना पाटण्यात पकडलं. कशासाठी? बिहार बंदच्या आंदोलनात. न्यायालयाने सोडलं, आणि 'कायदा-सुव्यवस्था', 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'राज्याची सुरक्षितता' ही एकात एक असलेली तीन वर्तुळं आहेत हे न्यायमूर्ती हिदायतुल्लांचं प्रसिद्ध विवेचन त्याच निकालातलं. चीनसाठी केलेला नियम बंदसाठी वापरला, हे ध्यानात घ्या.

मावळतीचा_वारा

मी तेव्हा शाळेत. बायका अंगावरचं सोनं काढून संरक्षण निधीला देत होत्या, आमच्या घरातही दिलं. यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी होतं. त्या दिवसांत कुणी 'बोलणी करा' म्हटलं असतं तर चौकात मार खाल्ला असता, हे मी नक्की सांगतो. मीही मारायला गेलो असतो.

पण टीका चालू होती. मेनन यांना शिव्या घालणं ही तर देशभक्तीच होती. त्यामुळे रानवाटा म्हणतात तो दिशेचा मुद्दा मला तरी ओळखीचा वाटला.

सांजवेळ_पुणेरी

एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून काढते. बासष्टमध्ये देशद्रोहाच्या संशयावरून सगळ्यात जास्त माणसं उचलली गेली ती काहीही न बोललेली. आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडचे चिनी वंशाचे लोक. सुमारे तीन हजार जणांना आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यात इथेच जन्मलेले होते, म्हातारे होते, लहान मुलं होती. काहींना वर्षानुवर्षं ठेवलं. सुटून आले तर घर, दुकान लिलावात गेलेलं. त्यांनी कोणत्या परराष्ट्र धोरणावर टीका केली होती?

एकदा 'कोण आपला, कोण परका' हे ठरवायची यंत्रणा सुरू झाली की ती भाषण ऐकत बसत नाही, चेहरा बघते. दीडशे खासदार सुखरूप बोलले याचं कौतुक जरूर करा, पण ते खासदार होते. आणि त्यांच्यातले किती जण देवळीवर बोलले?

गोम्या

देवळीचं माहीत नव्हतं. खुर्ची घडी करून ठेवली.

अवलिया_७

देवळी चूकच. त्यावर वाद नाही. पण जपानी वंशाच्या लाखभर लोकांना अमेरिकेनेही डांबलं होतं, युद्धात असं होतं. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. समोरच्या देशाचा रेडिओ आपल्या नेत्याचं वाक्य उचलून आपल्याच सैनिकांना ऐकवतो तेव्हा काय? वाटाघाटीत आपला परराष्ट्रमंत्री बसलाय आणि मागे संसदेत अर्धे लोक म्हणतायत की आपली बाजूच खोटी, तर त्याचा हात कमकुवत होत नाही?

पाणपोई

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सर्वात चांगलं उदाहरण सुएझ कालव्यावरून इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचं. नोव्हेंबर १९५६. ब्रिटिश सैन्य पोर्ट सईदला उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी, ४ तारखेला, विरोधी नेता गेट्सकेल बीबीसीवर बोलला. हे युद्ध चूक आहे, हुजूर पक्षातल्या सदसद्विवेकी लोकांनी पंतप्रधान ईडनला दूर करावं, असं थेट आवाहन. सैनिक जहाजांवर होते, तेही ऐकू शकत होते. सरकारने बीबीसीवर दबाव आणला, बीबीसीने भाषण दिलंच. गेट्सकेलवर दगाबाजीचे आरोप झाले. हात कमकुवत झाला का? झाला असेल. पण तो हात मुळात ज्या कारस्थानावर टेकला होता, फ्रान्स-इस्रायलशी गुपचूप केलेला करार, ते संसदेत नाकारलं जात होतं. ईडन जानेवारीत गेला तो गेट्सकेलमुळे नाही, अमेरिकेने पौंडाला आधार द्यायचं नाकारलं म्हणून.

अमेरिकेतही तेच. ऑगस्ट १९६४ मध्ये अध्यक्षाला व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ ने आला. मोर्स आणि ग्रुएनिंग हे दोघेच विरोधात. खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य. काय सुरेख एकजूट! त्या एकजुटीने अध्यक्षाचा हात इतका बळकट केला की तो व्हिएतनाममधून निघेना. दोघेही १९६८ मध्ये पडले. ठराव १९७१ मध्ये रद्द झाला.

सह्यकडा

याहून जुनं आहे. इसवी सनापूर्वी ४१५, अथेन्सने सिसिलीवर स्वारी करायचं ठरवलं. सेनापती निकियासने सभेत विरोध केला, फार मोठी फौज लागेल म्हणाला, तर लोकांचा उत्साह उलट वाढला. इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की ज्यांना बेत पटला नव्हता तेही हात वर करायला भ्यायले, कारण शहराचे वाईट चिंतणारे ठरलो असतो. फौज गेली, जवळजवळ कुणी परतलं नाही. बातमी आल्यावर लोक चिडले कुणावर? स्वारीची भलावण करणाऱ्या वक्त्यांवर. जणू मत आपण दिलंच नव्हतं.

मृगनक्षत्र

आपल्याकडे टिळकांचंही आठवतं. मंडालेहून सुटून आल्यावर १९१४ मध्ये त्यांनी युद्धात सरकारशी निष्ठा जाहीर केली होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलात युद्ध परिषद भरली. टिळक म्हणाले मदत करू, पण स्वराज्याचा प्रश्न त्याला जोडलेला आहे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने मध्येच थांबवलं, राजकारण नको. टिळक उठून बाहेर पडले. निष्ठा हवी, पण तिच्यासोबत आलेला प्रश्न नको, हा नमुना फार जुना.

अवलिया_७

परक्या सरकारशी निष्ठा आणि स्वतःच्या सरकारशी निष्ठा यात फरक आहे, ताई.

मृगनक्षत्र

आहे ना. स्वतःच्या सरकारला तर प्रश्न जास्त हक्काने विचारता यावा.

तोफखाना

अवलिया, तुमच्या रेडिओच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. शत्रूचा प्रचार सैनिक ऐकतो आणि हसतो. त्याला त्रास होतो तो आपल्याच लोकांनी पाठ फिरवली की. श्रीलंकेत शांतिसेना गेली १९८७ मध्ये, परतली मार्च १९९० मध्ये. सुमारे बाराशे जवान गेले. धोरणावर इकडे भरपूर टीका झाली, व्हायलाच हवी होती, उशिरा झाली असं माझं मत. पण परतणाऱ्या जहाजांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. ते अनेकांना लागलं. धोरण चुकलं म्हणा, खुशाल म्हणा. जहाजातून उतरणाऱ्याने ते ठरवलं नव्हतं, एवढा भेद टीका करणाऱ्याला करता यायला हवा. आणि तैनाती, संख्या, वाटा, हे जाहीर बोलू नये. बाकी बोला.

मला टीकेचा राग नाही. हेंडरसन ब्रुक्सचा राग आहे. १९६३ मध्ये लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, यांनी बासष्टच्या पराभवाचा अहवाल दिला. अधिकृतपणे आजही बंद. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलने काही भाग जाहीर केला, तेवढाच. 'युद्धानंतर शांतपणे चर्चा करू' म्हणणाऱ्यांना मी हे विचारतो: कधी?

चौकस_चिमणी

कारगिलचं त्या मानाने बरं झालं. लढाई चालू असताना राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं होतं, लोकसभा बरखास्त होती, सरकारने बोलावलं नाही. पण चौकशीसाठी सुब्रह्मण्यम समिती जुलै १९९९ अखेर नेमली आणि फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेत आला, काही भाग झाकून.

रानवाटा

तोफखाना सर, २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी त्या अहवालाच्या निष्कर्षांवर संसदेत निवेदन केलं होतं. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनापतींची कुवत, यावर ते आहे. चौकशीची कक्षाच लष्करी होती. दिल्लीने घेतलेले राजकीय निर्णय, म्हणजे आपण इथे ज्यावर भांडतोय ते परराष्ट्र धोरण, तिच्यात नव्हतंच. त्यावर नोंदलेली सगळ्यात सविस्तर उलटतपासणी म्हणजे नोव्हेंबर १९६२ चा तो आठवडा, जो काहींच्या मते व्हायलाच नको होता. लोकसभेची कामकाजं आता ऑनलाइन वाचता येतात, ज्याला उत्साह आहे त्याने जरूर चाळावीत.

अवलिया_७

आणि ऑगस्ट १९६३? कृपलानींनी नेहरूंवर अविश्वास ठराव आणला, देशातला पहिलाच. बाजूने ६२, विरोधात ३४७. झाली की चौकशी. निकाल लागला.

रानवाटा

तो सभागृहाचा निकाल. त्याच वर्षी मे महिन्यात पोटनिवडणुका झाल्या. अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादमधून लोहिया, राजकोटमधून मिनू मसानी. तिघेही धोरणाचे कडवे टीकाकार, तिघेही निवडून आले.

अवलिया_७

आणि जौनपूरला दीनदयाळ उपाध्याय पडले. तेही लिहा.

रानवाटा

लिहिलं.